काळाचौकीपर्यंत

अकराव्यांदा गाडी काळाचौकीला बंद पडली तेव्हा मी तिला लाथ घातली. गाडी लोखंडाची आणि पाय माझा, त्यामुळे नुकसान कुणाचं झालं ते सांगायला नको. लंगडत लंगडत तिला ढकलत घोडपदेवला आणली. वाटेतला पानवाला पहिल्या दोन-तीन वेळा विचारायचा, "काय झालं भाई?" पाचव्या वेळेपासून त्याने विचारणं सोडलं. आता मी जाताना दिसलो की तो फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो. मी कितव्या मिनिटाला ढकलत परत येणार हे त्याला पाठ झालंय.

चाळीच्या दारात कोंडीरामकाका उभेच होते. हे आमच्या चाळ कमिटीचे सेक्रेटरी. रिटायर झाल्यापासून चाळ हेच त्यांचं ऑफिस आहे आणि तिथे ते कधी रजा घेत नाहीत.

"आजपण?" त्यांनी विचारलं.

"आजपण."

"येता रविवार शेवटचा हां, भूषण. मग मला बोलू नको."

मला बोलायला तोंडच नव्हतं. जिन्याखाली पाण्याचा नवा पंप बसवायचा म्हणून कमिटीने ठराव केला होता: जी गाडी चालू आहे तिला कंपाउंडमध्ये जागा मिळेल, जी बंद आहे ती भंगारात जाईल. त्या ठरावावर माझी सही आहे. दुसऱ्या मजल्यावरच्यांची गंजलेली स्कूटर एकदाची जाईल या आनंदात मी सगळ्यात आधी सही ठोकली होती. माझी गाडी बंद आहे हे त्या क्षणी माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, माझी दुरुस्तीला आहे. स्कूटरवाल्यांनाही तसंच वाटत असणार, पण ते मीटिंगला आले नव्हते.

चालू म्हणजे काय, हेही कोंडीरामकाकांनी मला समजावून सांगितलं होतं. "जाग्यावर घुर्रघुर्र केलं म्हणजे चालू नाय. इथून दादरला जायची, टीटीच्या सर्कलला वळसा मारायचा आणि परत यायची. ढकलत नाय, चालवत." एवढं साधं होतं. आणि मला सात महिन्यांत काळाचौकी ओलांडता आली नव्हती.

माझं नाव बुद्धभूषण. एका हॉस्पिटलात एक्सरे काढतो. दिवसभर लोकांना "श्वास रोखून धरा, सोडा" म्हणत त्यांची हाडं बघतो आणि कुठे चीर गेलीये ते डॉक्टरच्या आधी ओळखतो. बावीस वर्षांच्या त्या नोकरीने मला एक वाईट सवय लावली. प्रत्येक दुखण्याचं कारण आपल्याला दिसलंच पाहिजे, असं मला वाटतं. माझ्या या राजदूत मोटारसायकलने ती खोड चांगलीच जिरवली.

गाडी माझ्या वडिलांची. पप्पा म्हणजे रामदास, मिलमधले फिटर. संपात मिल गेली, मग पाण्याचे मीटर दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागले आणि तिथूनच रिटायर झाले. हात सोन्यासारखा होता. चाळीतले गळके स्टोव्ह, फुटके पिंप, कुणाचा तुटका कंदील, सगळं डाख देऊन सांधून घ्यायला आमच्याच दारात यायचं. ही राजदूत त्यांनी मी तीन वर्षांचा असताना कुणाकडून तरी जुनी घेतली होती. आमच्या मजल्यावरची ती पहिली मोटारसायकल. पप्पा तिला दर रविवारी पुसायचे, आणि पुसायचं फडकं वेगळं असायचं. त्या फडक्याने मी एकदा माझी पाटी पुसली होती तर कानाखाली बसली होती.

खरं सांगायचं तर माझं त्या गाडीशी लहानपणापासूनच वाकडं होतं. पाना हातातून पडला आणि टाकीला टवका गेला म्हणून मार खाल्ला. कॉलेजात असताना एकदा चावी मागितली तर म्हणाले, "आधी शीक. मग स्वतःची घे." मी शिकलो, नोकरीला लागलो, स्वतःची घेतली, तीही जुनी झाली, पण राजदूतची चावी काही माझ्या हातात आली नाही. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि गाडी जिन्याखाली गेली. अठरा वर्षं ती तिथे उभी होती. मी म्हणायचो, विकून टाका. ते म्हणायचे, असू दे. दोन वर्षांपूर्वी पप्पा गेले आणि आईने ट्रंकेतून चावी काढून काही न बोलता माझ्यापुढे ठेवली. त्या दिवशी मी ठरवलं की ही गाडी मी माझ्या हाताने उभी करणार आणि चालवून दाखवणार. कुणाला दाखवणार, हे मी स्वतःला विचारलं नाही. माणूस गेल्यावरही त्याच्यावरचा राग जात नाही, एवढंच.

कुठल्याही मेकॅनिकचा हात लावायचा नाही, असा माझा हट्ट होता. सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी ड्युटीवरून आलो की जिन्याखाली बल्ब लावायचा आणि बसायचं. चेसिस घासली, रंग दिला. इंजिन उघडलं, पिस्टनच्या रिंगा बदलल्या. स्पोकची एकेक तार बदलली. मोबाइलवर व्हिडिओ बघून कार्बोरेटर इतक्या वेळा सोडला आणि बसवला की आता तो मला डोळे मिटून जमतो. गाडी पहिल्यांदा चालू झाली तेव्हा अख्खी चाळ धुराने भरली आणि पहिल्या मजल्यावरच्या मीराबाईंनी वाळत घातलेले कपडे पुन्हा धुतले. मी मात्र हवेत होतो. कागदपत्रांसाठी टेम्पोत घालून आरटीओत नेली, तिथे ती चार मिनिटं झकास चालली आणि पासही झाली. पाचव्या मिनिटाची गरज तिथे पडली नाही.

गरज काळाचौकीला पडली. घोडपदेवहून निघायचं, गाडी मस्त पळते, आवाज गोड. काळाचौकी आली की एकदम तिचा घसा बसल्यासारखा होतो. दोन गचके देते आणि बंद. किक मारा, नाही. पुन्हा मारा, नाही. शर्ट घामाने पाठीला चिकटेपर्यंत मारा, नाही. मग मी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे ना ते बघायचो. असायचंच. झाकण लावून चरफडत घरापर्यंत ढकलायचो. आणि जिन्याखाली नेऊन एक किक मारली की ही बया पहिल्या किकला चालू.

यातून मी काय समजलो? गाडी तापली की बंद पडते आणि थंड झाली की चालू होते. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हेच समजला असता. तापून बंद पडते म्हणजे कॉइल गेली, म्हणून कॉइल बदलली. काळाचौकीला बंद. कंडेन्सर बदलला. काळाचौकीला बंद. पॉइंट बदलले, प्लग तीन कंपन्यांचे लावून पाहिले, पेट्रोलचा कॉक नवा आणला, पाइप नवा आणला, चोर बाजारात तीन रविवार घालवून दुसरा कार्बोरेटर आणला. प्रत्येक वेळी मनात म्हणायचो, आता बघ. आणि प्रत्येक वेळी पानवाला घड्याळाकडे बघायचा.

शेवटी अब्रू गुंडाळून काळाचौकीच्याच मनूच्या गॅरेजमध्ये गेलो. मनू तिशीतला, हुशार, बोलायला गोड. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "सर, हिला स्कॅनर कुठे लागतो?"

"हिला स्कॅनर लागत नाही."

"मग प्रॉब्लेम कळणार कसा?" तो खरंच गोंधळला होता. "सर, मनाला लावून घेऊ नका, पण ही आपल्या लायनीची नाही. डेकोरेशनला ठेवा ना. हॉटेलवाले घेतात, भिंतीला लावायला."

घरी येऊन हे सांगितलं तर माझी बायको अक्षता हसली. ती शाळेत शिकवते, तिला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात हवं असतं. "भिंतीला लावण्यापेक्षा एक मस्त फोटो काढ आणि फोटो लाव भिंतीला," ती म्हणाली. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या ते लक्षात आलं.

आणि या सगळ्यात आई. आईचं नाव चंपा, वय शहात्तर, पाय दुखतात तरी दिवसातून दोनदा जिना उतरणार. मी जिन्याखाली बसलो की ती स्टीलच्या ग्लासात चहा घेऊन यायची आणि खालच्या पायरीवर टेकायची. चहा द्यायची आणि बोलायला लागायची. तिचं सुरू व्हायचं ते नेहमी एकाच ठिकाणाहून.

"अरे भूषण, तुझे पप्पा काळाचौकीला..."

"आई, रसाची गोष्ट ना? मला माहितीये."

मला खरंच माहीत होतं. आम्ही रविवारी मामाकडे जायचो, दादरला, नायगावच्या बीडीडी चाळीत. मी पुढे टाकीवर, पप्पा मध्ये, आई मागे. काळाचौकीला एक रसवंती होती. पप्पा तिथे न चुकता थांबायचे. मला एक अख्खा ग्लास, आई आणि ते अर्धा अर्धा. मी रस पीत असताना पप्पा टाकीचं झाकण उघडून आत वाकून बघायचे आणि परत आवळायचे. पेट्रोलचा थेंब न् थेंब मोजणारा माणूस, असं मी मोठा झाल्यावर मित्रांना हसत सांगायचो. ती रसवंती आता नाही, तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. माझी गाडी बरोबर त्याच्या आसपास बंद पडते, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण लक्षात येऊन उपयोग काय? मला वाटायचं, पप्पा वरून बघतायत आणि मुद्दाम मला तिथे थांबवतायत. चिडलेला माणूस काहीही विचार करतो.

"अरे, रसाचं नाही सांगत..." आई म्हणायची.

"आई, मला काम करू दे ना. हा स्क्रू बघ, इथे ठेवलेला, कुठे गेला?"

मग ती स्क्रू शोधायची. सापडला की माझ्या हातात द्यायची आणि रिकामा ग्लास घेऊन वर जायची. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. स्क्रू मात्र दर वेळी तिलाच सापडायचा.

त्या झाकणाचंही सांगायला हवं. टाकीचं झाकण मूळचंच होतं, तसं दुसरं चोर बाजारातही मिळालं नाही. वरून त्याला क्रोम करून आणलं, आत नवा रबरी वायसर बसवला, एकदम गच्च. आतल्या बाजूला मधोमध कुणीतरी डाखाचा एक ठिपका दिला होता, मुगाच्या दाण्याएवढा. कुठल्या तरी मूर्ख मेस्त्रीने गळती बंद करायला केलेला उद्योग, असं मी धरून चाललो. चांगल्या वस्तूची वाट लावायची आणि पैसे घ्यायचे. वायसर बसवताना त्या मेस्त्रीला मी आईवरून शिव्या दिल्या. आई तेव्हा पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "अशा शिव्या देऊ नये रे." मी म्हटलं, "तुला माहीत नाही, या लोकांनी गाडीचं काय केलंय ते." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग रिकामा ग्लास घेऊन वर गेली.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी कोंडीरामकाकांची मुदत संपणार होती. भंगारवाला सोमवारी येणार होता, त्याला दुसऱ्या मजल्यावरची स्कूटर आणि माझी राजदूत अशा दोन्ही सांगून ठेवल्या होत्या. मी सुट्टी टाकली आणि सकाळपासून जिन्याखाली बसलो. पुन्हा कॉइल काढली. पुन्हा बसवली. गाडी गेली तर पप्पांचं काही उरणार नव्हतं असं नाही, घरात त्यांचे कपडे होते, चष्मा होता. पण सात महिने मी त्यांच्याशी जे भांडण चालू ठेवलं होतं ते अर्ध्यावरच संपणार होतं, आणि त्यात मी हरलेला असणार होतो. ते मला सहन होत नव्हतं.

आई चहा घेऊन आली. "भूषण, ऐक जरा. ते काळाचौकीला..."

"आई," मी ओरडलोच, "तुला गाडीतलं काय कळतं? सात महिने तेच, काळाचौकी, काळाचौकी. तिथे रोज माझी इज्जत जाते. मला नाही ऐकायचं काळाचौकीचं."

जिन्यावरून मीराबाई खाली येत होत्या, त्या तशाच वर गेल्या. आईने ग्लास पायरीवर ठेवला, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढत गेली. चहा तिथेच थंड झाला. मी उठून तिच्या मागे जायला हवं होतं. गेलो नाही. हाताला ग्रीस लागलंय, असं मी स्वतःला सांगितलं.

रविवारी सकाळी दहाला कंपाउंडमध्ये निम्मी चाळ जमली होती. कोंडीरामकाका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी गाडी बाहेर काढली, दोन लिटर पेट्रोल टाकलं, तेल मिसळलं, झाकण आवळलं. आणि जिन्यावरून आई उतरली. ठेवणीतली पांढरी साडी, कपाळ मोकळं, आणि डोक्यावर अक्षताचं स्कूटरचं गुलाबी हेल्मेट.

"कुठे चाललीस?" मी विचारलं.

"दादरला."

"आई, आज नाही. आज गाडी..."

"काल बोललास ना, मला काय कळतं. तर मग बसलेलीच बरी. बसायला काय कळावं लागत नाही."

अक्षता मागे उभी होती, तिने हात वर केले. माझा काही संबंध नाही, असा त्याचा अर्थ. कोंडीरामकाकांना मात्र कल्पना फारच पसंत पडली. "भूषण, वैनींना घेऊनच जा. साक्षीदार झाल्या. वैनी गाडीवर बसून परत आल्या तर गाडी चालू. चालत आल्या तर भंगार." लोक हसले. मला त्या सगळ्यांचा आणि आईचाही भयंकर राग आला. आता शहात्तर वर्षांच्या बाईला काळाचौकीहून टॅक्सीत बसवून पाठवायचं आणि आपण गाडी ढकलत यायचं, एवढंच शिल्लक होतं.

आई एका बाजूला पाय सोडून बसली आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. किती वर्षांनी ती या गाडीवर बसत होती देव जाणे, पण तिचा हात बरोबर जागेवर पडला. किक मारली, गाडी चालू झाली. पानवाल्याने घड्याळाकडे पाहिलं.

काळाचौकी जवळ आली. मी ॲक्सिलेटर हलकेच धरला होता, जणू गाडीला कळू द्यायचं नव्हतं आपण कुठे आलोय ते. तेवढ्यात आईने खांद्यावर थोपटलं.

"इथं थांब."

"आई, थांबलो तर संपलं. परत चालू होणार नाही."

"नाही थांबलास तर चालू राहणारे का?"

उत्तर द्यायची वेळच आली नाही. गाडीचा घसा बसला, तिने दोन गचके दिले आणि कव्हरांच्या दुकानापासून चार पावलांवर बंद पडली. बाराव्या वेळी. मी हँडलवर डोकं टेकवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते हेल्मेटच्या काचेमुळे कुणाला दिसलं नाही, एवढीच मेहरबानी.

आई सावकाश खाली उतरली, पदर नीट केला. "झाकण उघड."

"पेट्रोल आहे, आई. तुझ्यासमोर घातलंय."

"पेट्रोल बघ म्हटलं का मी? उघड."

मी उघडलं. आतून सुस्स असा आवाज आला, कुणी दातांतून हवा आत ओढावी तसा. तो आवाज मी याआधीही ऐकला होता, झाकण उघडल्यावर दर वेळी. पेट्रोल तापलंय, वाफ निघते, असं मला वाटायचं.

"आता लाव आणि किक मार."

"अगं, तापलीये ती. अर्धा तास तरी..."

"मार."

मी मारली. पहिल्या किकला चालू झाली.

कव्हरांच्या दुकानातला पोरगा आमच्याकडे बघत होता. मी गाडीकडे बघत होतो. तापलेली गाडी, एकही पार्ट न बदलता, काळाचौकीला उभी राहून चालू होती. मी हात पुढे करून ती बंद केली. का केली ते मला सांगता येणार नाही. बहुतेक मला शांतता हवी होती.

"तुला कसं कळलं?"

"मला काय कळतंय," आई म्हणाली, आणि ते तिने कालच्याच आवाजात म्हटलं. "तुझे पप्पा असंच करायचे ते पाठ आहे. इथं थांबायचे, तुला रस द्यायचे, झाकण उघडून परत लावायचे आणि मग किक. म्हणायचे, टाकीला जरा वारा लागू दे. तेच सांगतेय सात महिने, तुझे पप्पा काळाचौकीला काय करायचे ते. तू पुढचं ऐकूनच घेत नाहीस."

मी झाकण पुन्हा काढलं आणि उलटं केलं. आता मला सगळं दिसत होतं, एक्सरेमध्ये दिसतं तसं. टाकीतलं पेट्रोल खाली उतरतं, त्याच्या जागी वरून हवा यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. भोक बुजलं की हवा नाही, हवा नाही की पेट्रोल खाली उतरत नाही. त्यात मी नवा वायसर घालून उरलीसुरली फटही बंद केली होती. घरी नेल्यावर गाडी चालू व्हायची ती थंड झाली म्हणून नाही, वाटेत मी पेट्रोल बघायला झाकण उघडायचो म्हणून. कॉइल, कंडेन्सर, चोर बाजारातला कार्बोरेटर, सगळं फुकट. आणि सगळ्याच्या मुळाशी तो मुगाच्या दाण्याएवढा डाख.

"हे भोक कुणीतरी बुजवलंय," मी म्हणालो. "कुठल्या तरी..."

"कुणीतरी काय? त्यांनीच बुजवलं. आपल्या खोलीत बसून, स्टोव्हवर सळई तापवून. माझ्यासमोर."

"पप्पांनी?" मला पटेना. या गाडीला माझा पाना लागला तर मारलं होतं त्या माणसाने. "का?"

आई हेल्मेटचा पट्टा सोडत म्हणाली, "तू पुढं बसायचास ना टाकीवर. चार वर्षांचा होतास, हाफ पँट. खड्डा आला की त्या भोकातनं पेट्रोल उडायचं तुझ्या मांड्यांवर. तेल मिसळलेलं ते. दोन्ही मांड्या लालभडक झाल्या, फोड आले, आंघोळीचं पाणी लागलं की किंचाळायचास. मी म्हटलं, ह्याला मागं घेते मांडीवर. तर तू रस्त्यावर लोळण घेतलीस. पुढंच पाहिजे. मग ते बसले आणि भोकच बुजवून टाकलं. वर्कशॉपमधला एकजण म्हणाला पण, रामदास, चांगली गाडी खराब केलीस, ही आता लांब जायची नाय. तर म्हणाले, थांबत थांबत जाईन."

"मग... नेहमीच थांबत होते?"

"एकटे असले की झाकण जरा सैल ठेवायचे. तू असलास की गच्च. मोठा झालास, टाकीवरून उतरलास, तरी ते तसंच राहिलं. सवय झाली होती त्यांना."

मी झाकण हातात धरून रस्त्याच्या कडेला उभा होतो. डाख किती सफाईदार होता ते मला आता दिसलं. कडा गुळगुळीत, मधे फुगीर, एक थेंब इकडेतिकडे नाही. असा डाख अख्ख्या घोडपदेवात एकच माणूस द्यायचा, आणि आमच्या घरातला निम्मा संसार त्याच डाखावर चालला होता. तरी मला ओळखता आला नाही. मी त्याला मूर्ख म्हटलं, आईवरून शिव्या दिल्या, त्याच्या बायकोसमोर. मला फार लाज वाटली. पप्पांची माफी मागायची सोय राहिली नव्हती, म्हणून मी आईला म्हटलं, "काल मी ओरडलो."

"हो, ओरडलास," ती म्हणाली. चुकलं म्हणून सोडून देण्यातली ती नाही.

"शिव्या दिल्या तेव्हा तरी सांगायचंस."

"काय सांगणार? मला वाटलं तुला माहीत आहे आणि म्हणून रागावलायस. म्हटलं, गाडी खराब केली म्हणून बापावर चिडलाय."

माझ्याकडे हत्यारांच्या पिशवीत हातोडी होती आणि भोक पाडायची टोकदार पोगर होती. दोन ठोक्यांत काम झालं असतं. मी ती काढलीही. आईने पाहिलं आणि म्हणाली, "पाड की भोक. आता तुला कुठं पुढं बसायचंय?"

मी पोगर डाखावर ठेवली आणि थोडा वेळ तशीच धरली. मग पिशवीत टाकली. झाकण लावलं, गच्च आवळलं आणि आम्ही निघालो. लालबाग गेलं, परळ गेलं. परळला एकदा थांबून झाकण उघडलं, पुन्हा लावलं. टीटीच्या सर्कलला वळसा घालून परत येताना पुन्हा परळला थांबलो आणि पुन्हा काळाचौकीला. झाकण सैल ठेवलं असतं तर एकदाही थांबावं लागलं नसतं, हे मला कळत होतं आणि आईलाही कळत होतं. काळाचौकीला तिने रस कुठे मिळतो का ते दोन्ही बाजूंना बघितलं.

आम्ही येताना दिसलो तेव्हा पानवाला उठून बाहेर आला. कंपाउंडमध्ये कोंडीरामकाकांनी घड्याळ बघितलं, गाडी बघितली, मग गाडीवर बसलेली आई बघितली. ठराव म्हणजे ठराव. त्यांनी हाताने कंपाउंडच्या भिंतीकडची जागा दाखवली. मग राहवेना म्हणून जवळ आले.

"सात महिने झक मारत होतास की रे. काय निघालं शेवटी? बिघाड काय होता?"

मी टाकीच्या झाकणावर नुसता हात ठेवला. आई माझ्या खांद्याला धरून खाली उतरली. तिने गुलाबी हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि केस सारखे केले.

"ह्याच्या मांड्या नाजूक होत्या," ती म्हणाली, आणि चहा टाकायला वर गेली.